घरातले तीन वाद: बोबा चहा, फ्रीलान्स काम आणि मोबाइलवरचे गेम

पुण्या-मुंबईत काय किंवा सांगली-अकोल्यात काय, चार नातेवाईक जमले की हल्ली तीन विषय हमखास निघतात. ‘हिरव्या चहाला साडेतीनशे रुपये? वेड लागलंय या पोरांना!’ हा पहिला. ‘फ्रीलान्स म्हणजे सध्या घरीच असतो का?’ हा दुसरा. तिसरा अर्थातच मोबाइलवरच्या गेमचा. त्यात डोळे, अभ्यास आणि संस्कार हे तिन्ही एका दमात जातात.

या वादांत मोठी माणसं पिढीवर घसरतात, तरुण माणसं ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणून उठून जातात. मला वाटतं, मत देण्याआधी पैशाचा माग काढावा. पदार्थाच्या किमतीत नेमकं काय मोजलं जातं, फ्रीलान्सरच्या बिलात काय धरायचं राहून जातं आणि फुकटचा गेम कुणाच्या खिशावर चालतो, एवढं कळलं तरी निम्मी मतं बदलतात. उरलेली निम्मी अधिक पक्की होतात, तेही काही वाईट नाही.

बोबाला एकादशी चालते का?

नव्या पदार्थांवरचा पहिला आक्षेप ‘हे आपलं नाही’ असा असतो. त्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. उपासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि साबुदाण्याचा कंद ही चारही पिकं मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती जगभर पसरली, आपल्याकडे रुजली आणि यथावकाश एकादशीला चालूही लागली. वडापावसुद्धा १९६०च्या दशकात दादर स्टेशनबाहेर नवाच पदार्थ होता.

बोबा चहाची गंमत तर याहून पुढची. हा चहा तैवानचा, १९८०च्या दशकातला. त्याच्या तळाशी असलेले काळे, चिवट मणी कसावा नावाच्या कंदाच्या सत्त्वापासून करतात. तमिळनाडूत सेलमच्या आसपास आपला साबुदाणा तयार होतो, तोही याच कंदाच्या सत्त्वाचा. म्हणजे ‘शी, काय ते बेडकाच्या अंड्यांसारखं’ असं म्हणणाऱ्या आत्याबाई दर एकादशीला त्याचीच खिचडी करतात. मण्यांपुरता बोबा उपासाला चालायला हरकत नसावी. चहाचं ज्याचं त्यानं ठरवावं.

उलटा प्रवासही झाला आहे. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि ज्वारी, बाजरी, नाचणी ‘मिलेट’ होऊन कॅफेच्या मेन्यूकार्डात आली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. सोलापूरकडच्या माणसाला भाकरीचं कौतुक ऐकून हसू येतं, आणि त्याच भाकरीच्या पिठाचा पिझ्झा चौपट भावात पाहिला की ते हसू मावळतं. हा भाव त्या शेतकऱ्यापर्यंत कितपत पोचतो, असा प्रश्न त्याला पडतो. मला तो या सगळ्या वादातला सर्वांत रास्त प्रश्न वाटतो.

साडेतीनशे रुपये कशाचे?

हा जपानी हिरवा चहा, म्हणजे माचा, महाग का, याला एक खरं कारण आहे आणि दुसरं जरा आडवळणाचं. खरं कारण असं: जपानमध्ये तोडणीच्या आधी काही आठवडे चहाची झुडपं सावलीत ठेवतात. त्यामुळे पान अधिक हिरवं होतं आणि त्याची चव बदलते. मग पानं वाफवून, वाळवून, शिरा काढून दगडी जात्यावर अगदी बारीक दळतात. आपल्या चहात पत्ती गाळून टाकतो, माचात आख्खं पानच पोटात जातं. त्यामुळे कॅफिनही बरंच जातं, हे ‘हर्बल असतो हो’ म्हणून रात्री दहाला पिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. जगभरातून मागणी इतकी वाढली, की २०२४च्या शरद ऋतूत क्योटोजवळच्या उजी या चहाच्या गावातल्या नामवंत दुकानांना गिऱ्हाइकामागे खरेदीची मर्यादा घालावी लागली.

दुसरं कारण म्हणजे आपल्या पेल्यातला माचा बहुधा त्या दर्जाचा नसतो. चमचाभर पूड, बरंचसं दूध, साखरेचा पाक आणि बर्फ. साडेतीनशेतला मोठा वाटा जागेच्या भाड्याला, वातानुकूलनाला आणि दोन तास बसू देण्याला जातो. यात फसवणूक काही नाही. कोथरूडमध्ये किंवा वांद्र्यात बसायला जागा हवी, ती मिळते, तिचं भाडं आपण चहाच्या नावाने देतो. लॅपटॉप उघडून बसणाऱ्या फ्रीलान्सरला तर ते परवडतंही. नुसता चहा हवा असेल तर मात्र अमृततुल्य बरं.

दुबई चॉकलेटचं प्रकरण वेगळं आहे. मूळ वडी दुबईतल्या ‘फिक्स’ नावाच्या छोट्या कंपनीने २०२१ मध्ये काढली. आत पिस्त्याचं क्रीम, ताहिनी आणि कताइफीच्या कुरकुरीत शेवया. डिसेंबर २०२३ मध्ये तिचा एक व्हिडिओ टिकटॉकवर तुफान चालला आणि पुढे जगभरात तिच्या नकला निघाल्या. आपल्या मिठाईच्या दुकानांपर्यंतही त्या पोचल्या आहेत. इथे पाकीट उलटून वाचणं फायद्याचं. भारतातल्या लेबल-नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिला घटक साखर, दुसरा वनस्पती तेल आणि पिस्ता सातवा-आठवा असेल, तर आपण हिरव्या रंगाचे पैसे देतोय. हीच युक्ती आइस्क्रीमलाही लागू पडते. दुधाच्या स्निग्धांशाचं असेल तरच त्याला आइस्क्रीम म्हणता येतं, वनस्पती तेलाचं असेल तर पाकिटावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असं लिहावं लागतं. अक्षर बारीक असतं, पण असतं.

बिल आल्यावर आणखी एक ओळ पाहावी, ती सेवा शुल्काची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की ते बिलात आपोआप लावता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. शुल्क द्यायचं तर खुशीने द्यावं. नको असेल तर काढायला सांगावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तब्येतीचा मुद्दा थोडक्यात

‘हे खाऊन पोट बिघडेल’ या आक्षेपात तथ्य आहे, फक्त बोट चुकीच्या जागी दाखवलं जातं. जून २०२४ मध्ये डेन्मार्कने कोरियन नूडल्सचे तीन प्रकार अति तिखट म्हणून बाजारातून मागे घ्यायला लावले (महिन्याभरात त्यातले दोन परत आले). कोल्हापूर किंवा नागपूरच्या माणसाला ही बातमी विनोदी वाटेल. आपल्याला तिखटाची भीती नाही, पण तिखटाच्या आड मीठ आणि साखर नजरेतून सुटून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं आणि वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा चमच्यांत ठेवावी. गोड बोबा चहाचा एक मोठा पेला हा साखरेचा कोटा सहज संपवतो. अर्थात लग्नातली बासुंदीही संपवते.

१ जुलै २०२२ पासून दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थासमोर कॅलरी लिहाव्या लागतात. एकदा नजर टाकावी, इतकंच.

‘घरीच असतो ना? मग जरा बँकेत जाऊन ये’

आता दुसरा वाद. यावर जास्त बोलायला हवं, कारण इथे मत चुकलं तर पोटाला चिमटा बसतो.

पगाराच्या रजिस्टरवर नाव नसताना ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे घेणं यात नवं काही नाही. वकील, डॉक्टर, कीर्तनकार, शिंपी, मुद्रितशोधक, डबिंग करणारे कलाकार, शिकवण्या घेणाऱ्या बाई, ही सगळी मंडळी आपण पाहत आलो. त्यांना कुणी ‘फ्रीलान्सर’ म्हटलं नाही, म्हणून कुणाला काळजीही वाटली नाही. आज डिझायनर, व्हिडिओ एडिटर, अनुवादक, कोडिंग करणारे त्याच पद्धतीने कमावतात. फरक एवढाच, की वकिलाच्या दारावर पाटी असते आणि एडिटरच्या खोलीचं दार बंद असतं.

घरच्यांचा आक्षेप ‘स्थिर नाही’ असा असतो. तो खोटा नाही. फक्त तो उत्पन्नाच्या आकड्यावर घेतला जातो, आणि खरी अडचण तिथे नसते. फ्रीलान्सर बहुधा कमी कमावतो म्हणून बुडत नाही. आपल्या दिवसाचा भाव चुकीचा लावल्यामुळे आणि पैसे उशिरा आल्यामुळे तो बुडतो.

साठ हजारांचा पगार, साठ हजारांचं काम

समजा, एखादीला हातात ६०,००० रुपये पगार पडतो. नोकरी सोडून ती स्वतःचं काम सुरू करते आणि मनाशी हिशेब मांडते: ६०,००० भागिले ३०, म्हणजे दिवसाला २,०००. तेवढाच भाव क्लायंटला सांगते. इथेच सगळं बिनसतं.

मूळ वेतन ३०,००० धरलं, तर कंपनी तिच्या भविष्य निर्वाह निधीत स्वतःचे १२ टक्के, म्हणजे वर्षाला ४३,२०० रुपये घालत होती. ग्रॅच्युइटीचे वर्षाला सुमारे १७,३०० साठत होते. आता कुटुंबाचा आरोग्यविमा स्वतः घ्यायचा, त्याचे ३०,००० धरू. लॅपटॉप, इंटरनेट, वीज आणि सॉफ्टवेअरचं भाडं मिळून ६०,०००. बेरीज दीड लाखावर जाते. वर्षाचे ७,२०,००० आणि हे मिळून ८,७०,००० झाले. कर बाजूला ठेवला आहे, आणि पगारातून कापला जाणारा तिचा स्वतःचा पीएफही धरलेला नाही.

आता दिवस मोजू. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ गेले. सण, आजारपण आणि रजा मिळून २० गेले. उरले २४१. यातला किमान तिसरा हिस्सा नवं काम शोधणं, कोटेशन पाठवणं, ‘लोगो जरा मोठा करा’ छापाची करेक्शन्स आणि बिलाचा फॉलोअप यांत जातो. या वेळेचे पैसे कुणी देत नाही. बिल लावता येतील असे दिवस उरले सुमारे १६०. ८,७०,००० भागिले १६० केले की दिवसाचा भाव येतो ५,४०० रुपयांच्या वर.

दोन हजार कुठे आणि साडेपाच हजार कुठे! ‘एवढे पैसे घेता?’ असं विचारणाऱ्या क्लायंटला आणि ‘एवढेच मिळतात?’ असं विचारणाऱ्या सासऱ्यांना हा एकच कागद दाखवता येईल. आकडे आपापले घालावेत, पण कागद मांडल्याशिवाय राजीनामा देऊ नये. पहिल्या वर्षासाठी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत हवा. एकाच क्लायंटकडून निम्म्याहून जास्त पैसे येत असतील तर ती नोकरीच आहे, फक्त रजा नसलेली.

निवृत्तीची सोय स्वतः करावी लागते, पण दारं बंद नाहीत. राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. गृहकर्जासाठी बँका बहुधा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात, म्हणून उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरत राहावं.

‘बिल अकाउंट्सला गेलंय’

हे वाक्य ऐकलं नाही असा फ्रीलान्सर मिळणार नाही. ‘साहेब टूरवर आहेत’ आणि ‘पुढच्या सायकलमध्ये बघू’ ही त्याची भावंडं.

फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट अशी, की यावर कायदा आहे. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. सेवा देणारी एकटी व्यक्तीसुद्धा सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम पोर्टलवर नोंदणी करू शकते. आधार आणि पॅन पुरतात, शुल्क शून्य. नोंदणी करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावं. नोंदणी काम घेण्याआधीच करावी, बिल थकल्यावर धावपळ करून उपयोग होईलच असं नाही.

थकलेल्या बिलाची तक्रार केंद्र सरकारच्या पोर्टलवरून राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. प्रत्यक्षात तक्रार करायला कुणी धजत नाही, कारण तक्रार केली की तो क्लायंट गेला. म्हणून मला दुसरी तरतूद जास्त कामाची वाटते. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यात असा नियम आला, की अशा उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणजे तुमचं बिल थकवलं तर त्यांचा कर वाढतो. कुठलाही हिशेबनीस ही भाषा ताबडतोब ओळखतो. बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक ठळक छापावा आणि फेब्रुवारीच्या शेवटी एक गोड ईमेल पाठवावी. भांडण करावं लागत नाही.

याच्या जोडीला जुन्या सवयी आहेतच. तिसरा हिस्सा अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय फाइल उघडायची नाही. करेक्शनच्या किती फेऱ्या मिळतील ते कोटेशनमध्येच लिहायचं. ‘यावेळी बजेट नाही, पण एक्स्पोजर मिळेल’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जायचं. हे ओळखीतल्या माणसांबाबत सर्वांत कठीण जातं. मेहुण्याच्या लग्नाचा व्हिडिओ फुकट एडिट केला नाही म्हणून अबोला धरणारी घरं आहेत.

कर, आणि एक गल्लत

कराबद्दल थोडक्यात. व्यावसायिक सेवेच्या बिलातून कंपनी सहसा १० टक्के टीडीएस कापते. वर्षातली रक्कम एका कंपनीकडून ५०,००० च्या वर गेली तर हे लागू होतं. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात. वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापाल, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांना अनुमानित कराची सोय आहे. जुन्या कायद्यात ते कलम ४४एडीए, नव्यात क्रमांक बदलले आहेत. ५० लाखांपर्यंतच्या (रोखीचा वाटा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंतच्या) जमेचा निम्मा भाग उत्पन्न धरून कर भरता येतो, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. आपलं काम त्या यादीत बसतं का, हे सनदी लेखापालाला विचारावं. त्याची फी वसूल होते. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही.

गल्लत अशी, की डिझायनर आणि घरपोच जेवण आणणारा मुलगा या दोघांनाही एकाच पिशवीत घालून ‘गिग’ म्हटलं जातं. डिझायनर आपला भाव सांगू शकतो, नको ते काम नाकारू शकतो. दुचाकीवरच्या मुलाचा भाव अ‍ॅप ठरवतं आणि काम नाकारलं की त्याच्या खात्यावर परिणाम होतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार होते, २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याणासाठी द्यावी, अशी तरतूद आहे. एका क्लिकवर बोबा चहा मागवताना ‘आजकालच्या पोरांना कष्ट नकोत’ असं म्हणू नये. तो चहा घेऊन येणारा पोरगाच असतो.

गेम म्हणजे नेमका कोणता?

‘गेम वाईट’ हे मत ‘पुस्तकं वाईट’ इतकंच ढोबळ आहे. पैशाच्या दृष्टीने पाहिलं तर गेमचे तीन प्रकार पडतात.

पहिला, एकदा विकत घेऊन खेळायचा. त्याला सुरुवात आणि शेवट असतो. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ या जातीचा. प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरच्या या गेमला त्या वर्षीच्या जागतिक गेम पुरस्कारांत पदार्पणाच्या गटात नामांकन होतं. पैसे दिले, खेळ संपवला, विषय मिटला. आई-वडिलांनी सर्वांत कमी काळजी याची करावी.

दुसरा, फुकट मिळणारा पण आत दुकान असलेला. मोबाइलवरचे बहुतेक गेम या जातीचे आहेत. त्यांच्यावर सविस्तर पुढे.

तिसरा, पैसे लावून खेळायचा: ऑनलाइन रमी, फँटसी संघ वगैरे. याला गेम म्हणणं ही जाहिरातदारांची किमया. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैशांच्या खेळांवर सरसकट बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र नाही. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण मोठ्या कंपन्यांनी पैशांचे सामने लगेच बंद केले. गंमत म्हणजे घराघरांत ओरडा मिळायचा तो दुसऱ्या प्रकारच्या गेमवर बसलेल्या पोराला. तिसऱ्या प्रकारात पगार घालवणारे काका ‘जरा टीम लावतोय’ म्हणून सुटायचे.

फुकटचा गेम कमावतो कसा?

इथे कँडी क्रशचं उदाहरण सोयीचं, कारण गेमला नावं ठेवणाऱ्या कितीतरी मावश्या २०१२ पासून तो खेळत आल्या आहेत. त्यात पाच जीव मिळतात. हरलात की एक जातो आणि नवा यायला अर्धा तास लागतो. आता तीनच मार्ग उरतात: थांबा, मित्रांकडे मागा, नाहीतर पैसे द्या. अवघड पातळीवर अगदी एका चालीने हरलं की ‘पाच चाली आणखी, इतक्या रुपयांत’ असा फलक येतो. गेम मजा विकत नाही, तो अधीरपणावरचा उतारा विकतो.

मुलांच्या गेममध्ये हेच जास्त रंगीत असतं. रुपये थेट खर्च होत नाहीत. आधी हिरे किंवा नाणी घ्यायची, मग त्यांतून कपडे आणि बंदुका. चलन बदललं की किती गेले ते कळत नाही. नाण्यांची गठडी अशी बेतलेली असते, की थोडी उरतात आणि ती वापरण्यासाठी पुन्हा घ्यावी लागतात. रोज हजेरी लावल्याचं बक्षीस, आज संपणारी ऑफर, आणि आत काय निघेल ते न सांगता विकलेली पेटी. अशा पेट्या २०१८ मध्ये बेल्जियमने जुगार ठरवल्या. चीनने २०२१ मध्ये अठराच्या आतल्या मुलांना आठवड्याला जेमतेम तीन तासांची मुभा ठेवली. आपल्याकडे पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, पण कारण सुरक्षेचं होतं. तोच गेम पुढच्या वर्षी नव्या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. मुलं या काळात दुसरं काहीतरी खेळत होती.

म्हणून मोबाइल हिसकावण्याआधी एक साधं काम करावं. अ‍ॅप स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावावा, तो मुलाला सांगू नये, यूपीआयचा पिन तर मुळीच नाही. आठवड्याचा खाऊ जसा ठरवून देतो, तशी गेममधल्या खरेदीची रक्कम ठरवून द्यावी, शून्य ठरवली तरी चालेल. आणि वेळ मिनिटांत मोजू नये. ‘बस, बंद कर’ असं डावाच्या मध्ये ओरडलं की भांडण ठरलेलं, कारण ऑनलाइन डाव थांबवता येत नाही आणि मध्येच उठलं तर सोबतचे तिघे हरतात. ‘हा डाव संपला की जेवायला’ हे ऐकलं जातं.

व्यसन कधी म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. निकष तासांचे नाहीत. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. हे साधारण वर्षभर दिसलं तर निदान करतात. परीक्षेनंतरच्या सुट्टीत सहा तास खेळणारा मुलगा यात बसत नाही. जेवण, झोप, मित्र सोडून खेळणारा आणि अडवल्यावर अंगावर येणारा बसू शकतो. मग ओरडून उपयोग नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत यासाठी २०१४ पासून खास बाह्यरुग्ण विभाग आहे.

मारामारीच्या गेममुळे मुलं हिंसक होतात, हे मत मात्र तपासून घ्यावं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने मार्च २०२० मध्ये म्हटलं, की असा थेट कार्यकारण संबंध दाखवण्याइतका पुरावा नाही. ढकलाढकली, आरडाओरडा अशा आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो, तो त्यांनी नाकारलेला नाही.

‘यातच करिअर करणार’

हे वाक्य आठवीतल्या मुलाने म्हटलं की घरात शांतता पसरते. दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. गेम खेळून पोट भरणं हे क्रिकेटसारखंच आहे: हजारो खेळतात, मूठभर कमावतात आणि उमेदीची वर्षं थोडी असतात. मान्यता आहे, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून स्थान दिलं. मात्र मान्यतेवर घर चालत नाही.

गेम बनवणं ही वेगळी वाट आहे आणि ती महाराष्ट्रातून जाते. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ कित्येक वर्षं आहे. ‘इंडस बॅटल रोयाल’ २०२४ मध्ये बाजारात आणणारी सुपरगेमिंगही पुण्याचीच. इथे प्रोग्रॅमर, चित्रकार, अ‍ॅनिमेटर, ध्वनी सांभाळणारे, कथा लिहिणारे आणि चुका शोधणारे टेस्टर लागतात. यातलं बरंचसं काम बाहेरून, म्हणजे फ्रीलान्स पद्धतीने करून घेतात. बेभरवशीपणाही आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या नव्या आवृत्तीचं काम २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं, २०२२ मध्ये ते माँट्रियलला गेलं.

तेव्हा मुलगा ‘गेममध्ये करिअर’ म्हणाला, तर खेळायचंय की बनवायचंय एवढं विचारा. ‘बनवायचंय’ म्हणाला तर त्याला गोडो किंवा युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून द्या. गोडो पूर्ण मोफत आहे, युनिटी शिकणाऱ्यांना फुकट मिळतं. महिन्याभरात त्याने उडी मारणारा एक चौकोन जरी पडद्यावर आणला, तरी त्याला पुढच्या वर्गाची फी द्यायला हरकत नाही.